साथ, बाजार आणि 'जवळचे' दुकान : मांडवीपासून भिलाईच्या सेक्टर २ पर्यंत

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मुंबईत ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रुग्ण आढळले ते मांडवीत. मांडवी ही बंदराला खेटून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. शहराचा दाणागोटा जिथून जात होता तिथेच रोग प्रकटला. उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि धान्याची रास यांचा संबंध शास्त्राने निर्विवाद सिद्ध करायला आणखी दहाएक वर्षे जावी लागली. परंतु बाजाराकडे संशयाने पाहण्याची दृष्टी त्याआधीच तयार झाली. साथ शिरलेल्या गावात बाजाराला दोन परस्परविरोधी अर्थ प्राप्त होतात. तो रोगाचे घर ठरतो. आणि तो बंद पडला तर रोगाने न गाठलेल्या माणसाला भूक गाठते. साथ चालू असताना गावातला बाजार गावातल्याच गिऱ्हाइकांनी कसा जगवावा आणि त्यासाठी गावाने काय करावे, हा प्रश्न या पेचातून निघतो. २०२० साली छत्तीसगडमधील भिलाईच्या सेक्टर २ सारख्या वसाहतींपुढे तो नव्याने उभा राहिला. त्याला उत्तर देताना वापरले गेलेले शब्द मात्र नवे नव्हते. 'स्वदेशी', 'आपला माल', 'आपला दुकानदार' ही भाषा बव्हंशी मराठी प्रदेशात घडली आणि तेथून हिंदीत गेली. या भाषेने 'आपला' कोण हे ठरवले. साथीने 'जवळचा' कोण हे ठरवले. हे दोन शब्द समानार्थी मानले गेले तिथेच घोटाळा झाला, असे या इतिहासाकडे पाहता दिसते.

सेक्टर २ ची घडण प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या, हिंदी व मराठी अशा दोन राजभाषांच्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेने नागपूर वेगळे झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा भिलाईची राजधानी भोपाळ होती. कामगार मात्र राजधानी पाहून आले नव्हते. विदर्भातून मराठी, केरळातून मल्याळी, आंध्रातून तेलुगू, तसेच बंगाली, ओडिया, पंजाबी, भोजपुरी भाषकांची कुटुंबे आली आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांत राहू लागली. शाळा, दवाखाना आणि लहानसा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर असावा, या विचाराने सेक्टरांची आखणी झाली. अमेरिकन नियोजक क्लॅरेन्स पेरी याने १९२९ मध्ये मांडलेल्या 'शेजार-एकका'च्या कल्पनेशी या आखणीचे नाते उघड आहे. 'जवळचे दुकान' ही वस्तू इतर गावांत आपसूक उगवते. इथे ती नकाशावर काढली गेली.

या नकाशाला एक बाहेरची बाजूही आहे. सेक्टरातली घरे कंपनीची आणि दुकानांचे गाळे कंपनीने दिलेले. कर्मचाऱ्याचे वेतन दरमहा येते. मात्र भाजीचा ठेला ढकलणारा, कपड्यांना इस्त्री करणारा किंवा जमिनीवर ताजी भाजी मांडून बसणारी बाई (छत्तीसगढीत या मांडणीला 'पसरा' म्हणतात) ही मंडळी सुपेला, कॅम्प, खुर्सीपार अशा वस्त्यांतून किंवा भोवतालच्या खेड्यांतून येतात. मासिक पगार मिळवणारा गिऱ्हाईक आणि रोजच्या गल्ल्यावर जगणारा विक्रेता यांच्यामधली रेषा भिलाईत जितकी ठळक आहे तितकी जुन्या गावांत क्वचितच असते. झोतभट्टी विझवता येत नाही, म्हणून टाळेबंदीतही कारखाना चालू राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर रुग्णालयांसाठी लागणारा द्रवरूप प्राणवायू देशातील ज्या पोलाद कारखान्यांनी पुरवला त्यांत भिलाईचा वाटा मोठा होता. म्हणजे वेतन चालू होते आणि गल्ला बंद होता. सेक्टरातील रहिवाशाने आपली भाजी कोणाकडून घ्यावी हा प्रश्न त्यामुळे केवळ सोयीचा उरला नाही. चालू असलेल्या पगाराचा थोडा अंश बंद पडलेल्या गल्ल्याकडे वळतो की नाही, हे त्यावर अवलंबून होते.

साथीतल्या बाजाराचे सर्वांत तपशीलवार वाङ्मयीन चित्र इंग्रजीत डॅनियल डीफोने १७२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्लेगवर्षाच्या रोजनिशीत आढळते. १६६५ च्या लंडनमधील साथीच्या वेळी डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता; तेव्हा ही 'रोजनिशी' ऐकीव माहिती व कागदपत्रे यांवर रचलेली आहे. तरीही बाजाराविषयीची तिची नजर विलक्षण आहे. गिऱ्हाईक खाटकाच्या हातून मांस न घेता आकड्यावरून स्वतः उतरवून घेतो. खाटीक पैशाला हात न लावता ते व्हिनेगरच्या भांड्यात टाकायला सांगतो. सुट्टे परत घ्यावे लागू नयेत म्हणून लोक नेमके पैसे बरोबर ठेवतात. नगरप्रमुख पावाचे वजन व भाव बांधून देतो आणि भट्टी बंद ठेवणाऱ्या भटारखानेवाल्याला नागरिकत्वाचे हक्क गमावण्याची भीती घालतो. डर्बिशरमधील ईम या गावाने १६६५–६६ मध्ये स्वतःला कोंडून घेतले तेव्हा सीमेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर आणि त्यात नाणी ठेवून शेजारच्या गावांशी देवघेव चालवली. या तपशिलांत देशप्रेमाचे आवाहन कुठेही नाही. स्पर्शाची भीती कमी करणे आणि विक्रेत्याला दुकान उघडे ठेवण्यास भाग पाडणे किंवा धीर देणे, एवढ्याच दोन गोष्टी तिथे आहेत.

मराठीत असे चित्र जवळजवळ नाही. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगाची स्मृती उंदीर, घरझडती, गोरे सोजीर, माळावरच्या झोपड्या आणि रँड यांनी भरलेली आहे. दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तात राग आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त प्लेग एका संसाराच्या आतून दिसतो. वाणी, शिंपी, तेली यांचे काय झाले, कोणाचे खाते बुडाले, माळावर राहायला गेलेल्या कुटुंबांना मीठमिरची कोणी पोचवली, हे प्रश्न या लेखनाने विचारले नाहीत. त्याला कारण आहे. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला जे अधिकार दिले त्यांमुळे संघर्षाची रेषा सरकार आणि घर यांच्यामधून गेली. सोजिराचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडले ही घटना इतकी मोठी होती की दुकानाची फळी तिच्यामागे झाकली गेली. तौलनिक अभ्यासकाने हा अभाव वाङ्मयीन दारिद्र्य म्हणून नोंदवू नये. कोणत्या समाजात साथ कुठल्या दारातून साहित्यात शिरते याची ती खूण आहे.

दुकान साहित्यात नसले तरी सार्वजनिक व्यवहारात होते. प्लेगाच्या आगेमागे आलेल्या १८९६–९७ च्या दुष्काळात टिळकांनी पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडवली आणि दंग्याची शक्यता टाळली. सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील विणकरांची मागणी दुष्काळाने आटली होती. तिथे जाऊन त्यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि स्थानिक समित्यांनी सरकारच्या साह्याने विणकरांना आधार द्यावा अशी योजना आखली. मुंबई सरकारने ती मानली नाही. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी स्वतंत्र रुग्णालय काढले आणि विलगीकरणाच्या छावणीत मोफत अन्नछत्र चालवले. या प्रयत्नांचे स्वरूप नीट पाहिले तर ते 'देशी घ्या' या उपदेशाहून वेगळे आहे. गिऱ्हाइकाला काही सांगण्याऐवजी विकणाऱ्याचा किंवा विणणाऱ्याचा धोका कोणीतरी दुसऱ्याने अंगावर घ्यावा, अशी ती रचना आहे. टिळकांच्या चरित्रांत या कामाला एखाद-दुसरे पान मिळते आणि बहिष्काराला मात्र प्रकरणे, हे दुर्दैवच म्हणावे लागेल.

बहिष्काराची परंपरा तोवर पाव शतक जुनी होती. १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा स्थापणारे गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका स्वतः सूत कातीत आणि हातमागाचाच कपडा वापरीत. १८७७ च्या दिल्ली दरबारालाही ते त्याच वेषात गेले. फेब्रुवारी १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली आणि विलायती कापडावरील बहिष्काराला जोर चढला. पुढे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एक पैसा या हिशेबाने भांडवल जमवले आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला. हा इतिहास परिचित आहे. त्यातली एक बाजू सहसा नोंदवली जात नाही ती अशी की, स्वदेशीचा पहिला आघात गावातल्याच दुकानदारावर होत असे. मँचेस्टरचे कापड मँचेस्टरचा गिरणीवाला पुण्यात येऊन विकत नव्हता. ते पेठेतला कापडवाला विकत होता. बहिष्कार पुकारला की गिऱ्हाईक त्याच्या पायरीवरून माघारी फिरवले जाई. स्वदेशीच्या दृष्टीने माल दूरचा असला तरी देशी हवा. दुकानदार जवळचा असला तरी तो विलायती माल विकत असेल तर परका.

ही दृष्टी छत्तीसगडात नेली ती मराठी मातृभाषेच्या एका हिंदी लेखकाने. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी वामन बळीराम लाखे व रामराव चिंचोलकर यांच्यासह पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले. ते तीन वर्षे चालले. पुढे त्यांनी १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले. १९०६ मधील 'स्वदेशी आंदोलन और बॉयकाट' या त्यांच्या पुस्तिकेवर सरकारने पुढे बंदी घातली आणि १९०८ मध्ये त्यांना अटकही झाली. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांना सप्रे परिचित आहेत ते मुख्यतः समर्थ रामदास आणि टिळक यांचे अनुवादक म्हणून. परंतु 'केसरी'च्या वर्तुळात घडलेली बाजाराची एक संपूर्ण नैतिक परिभाषा त्यांनी नागपूर-रायपूरच्या हिंदी वाचकाला दिली, हे त्यांचे कार्य कमी मोलाचे नाही. त्या परिभाषेत 'देश' हे खरेदीचे एकक होते. गाव, पेठ, गल्ली ही एकके तिच्यात नव्हती. आणि साथीत नेमकी तीच एकके लागतात.

'जवळचा' आणि 'आपला' यांतले अंतर याहूनही स्पष्टपणे कोल्हापूरच्या एका प्रसंगात दिसते. तिथे साथ नव्हती. पण स्पर्शाची भीती होती, आणि ती कोणत्याही जंतूच्या भीतीपेक्षा जुनी होती. छत्रपती शाहू महाराजांच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगाराम यांना भांडवल देऊन स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. कोल्हापुरातील भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल उघडले. जागा रहदारीची, चहा चांगला, हॉटेल स्वच्छ. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलापुढे थांबवून चहा मागवू लागले आणि कागदांवर सही घ्यायला आलेल्यांनाही तोच चहा घ्यावा लागू लागला. सरकारी अर्ज आणि चहाचा पेला एकाच जागी येतील अशी ही व्यवस्था होती. स्थानिक खरेदीला उत्तेजन देण्याची याहून नेमकी युक्ती मराठी इतिहासात दुसरी नसावी. 'अस्पृश्याच्या हातचे घ्या' असे फर्मान काढले असते तर ते फर्मानातच राहिले असते. इथे राजाने स्वतः गिऱ्हाईक होऊन इतरांची अडचण अशी उलटी केली की, न पिणेच अवघड व्हावे.

या पार्श्वभूमीवर २०२० कडे यावे. मार्च २०२० मध्ये साथ आवरण्यासाठी अनेक राज्यांनी आधार घेतला तो १८९७ च्या त्याच कायद्याचा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. १९ एप्रिल रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने ऑनलाइन कंपन्यांना जीवनावश्यक नसलेल्या वस्तू विकण्यास दिलेली परवानगी मागे घेतली. आपली दुकाने बंद असताना त्यांना मुभा कशासाठी, असा व्यापारी संघटनांचा आक्षेप होता. २४ एप्रिलच्या आदेशाने शहरांतील एकटी दुकाने, शेजारची दुकाने आणि निवासी संकुलांतील दुकाने उघडण्यास मान्यता दिली. बाजारसंकुले व मॉल बंदच राहिले. 'शेजारचे दुकान' हा बोलीतला शब्दप्रयोग असा प्रशासकीय परिभाषेत ठळकपणे आला. सेक्टरातला बाजार या व्याख्येत कुठे बसतो? दुकाने एकमेकांना लागून आहेत म्हणून ते बाजारसंकुल, की वसाहतीच्या पोटात आहे म्हणून शेजारची दुकाने? पेरीच्या नकाशावर हे दोन्ही एकच होते. आदेशाने ते वेगळे केले.

छत्तीसगड सरकारने एप्रिल २०२० मध्येच 'सीजी हाट' हे संकेतस्थळ सुरू केले. स्थानिक विक्रेत्यांची नोंद करून फळे-भाजी घरपोच देण्याची सोय त्यात होती. नाव लक्षणीय आहे. हाट म्हणजे आठवडी बाजार, जिथे माणसे जमतात. आणि इथे हाटाचे नाव घेऊन जमणेच टाळावयाचे होते. १२ मे रोजी पंतप्रधानांच्या भाषणातून 'व्होकल फॉर लोकल' ही घोषणा आली. तिच्यात 'लोकल' म्हणजे भारतीय बनावटीचे. शंभर वर्षांपूर्वीचा सप्रे यांचा अर्थ इंग्रजी शब्दाच्या वेषात परतला आणि गल्लीतला ठेलेवाला त्या शब्दाच्या उच्चारात तेवढा राहिला. त्याच्या पदरात प्रत्यक्ष काही पडण्याची व्यवस्था झाली ती वेगळ्या योजनेने. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वनिधी' योजनेत पथविक्रेत्याला तारणाशिवाय दहा हजार रुपयांचे खेळते भांडवल आणि वेळेवर फेडल्यास सात टक्के व्याजसवलत होती. विकणाऱ्याचा धोका वाटून घेण्याची सोलापूरच्या विणकरांसाठी फेटाळली गेलेली दृष्टी इथे, अपुऱ्या प्रमाणात का होईना, स्वीकारली गेली.

याच काळात घडलेली दुसरी गोष्ट अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. मार्चअखेर व एप्रिलमध्ये विशिष्ट धर्माचे विक्रेते मुद्दाम रोग पसरवतात अशा अफवा समाजमाध्यमांतून उठल्या आणि देशात ठिकठिकाणी त्यांच्याकडून माल न घेण्याची आवाहने झाली. कित्येक ठिकाणी ठेलेवाल्याला गल्लीत शिरण्यापूर्वी नाव सांगावे लागले. अंतराने जवळचा असलेला विक्रेता नावाने परका ठरला. 'आपल्याकडून घ्या' या वाक्यातला 'आपला' किती झपाट्याने आकसतो याचा हा पुरावा आहे, आणि गंगाराम कांबळे यांच्या रिकाम्या हॉटेलाशी त्याचे साम्य योगायोगाचे नाही. दोन्हीकडे स्वच्छता हा शब्द पुढे होता.

छत्तीसगडच्या संदर्भात याला एक जास्तीचा पदर आहे. राज्य सरकारने साथीच्या थोडेसेच आधी 'पौनी पसारी' नावाची योजना आणली होती. नगरांत परंपरागत व्यावसायिकांसाठी ओटे व शेड बांधावे हा तिचा हेतू. पौनी म्हणजे गावकीची कामे करून धान्याच्या रूपाने मोबदला घेणारे कारागीर व सेवेकरी. मराठी वाचकाला लगेच बलुतेदार आठवतील आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' ग्रंथही. आत्र्यांनी त्या व्यवस्थेचे गोडवे गायले नाहीत. तिच्यातली ओढाताण आणि रडगाणी त्यांनी निर्दयपणे दाखवली. गावातल्या गावात देवघेव ठेवणारी ही व्यवस्था जातीच्या खुंटाला बांधलेली होती. 'स्थानिक' या शब्दाभोवती आज जे हळवेपण जमते त्याला आत्र्यांचे वाचन हा चांगला उतारा आहे. भिलाईच्या सेक्टरांनी हा खुंट निदान तत्त्वतः उपटला होता. तिथला न्हावी, परीट, वाणी कोणाचाही वंशपरंपरागत नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्ह्यात ६ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी आली आणि मुदतीमागून मुदत वाढत गेली. राज्यातील अनेक जिल्ह्यांत या फेरीत सुरुवातीला किराणा व भाजीची दुकानेही बंद ठेवली गेली. पुढील टप्प्यात ठेल्यावरून फळे-भाजी घरोघर विकण्याची मुभा मिळाली. म्हणजे गाळा बंद आणि ठेला चालू, असा उलटा क्रम लागला. नकाशावर काढलेले दुकान मिटले आणि नकाशात नसलेला विक्रेता दारात उभा राहिला. सेक्टरासारख्या सरळ रस्त्यांच्या, मोजक्या घरांच्या वसाहतीत ठेल्याची फेरी आखणे सोपे असते; हा नियोजनाचा असा लाभ की जो नियोजकांच्या मनात नव्हता.

या काळात ठेल्यांवर आणि गल्ल्यांवर चौकोनी ठिपक्यांचे क्यूआर पत्रक सर्रास दिसू लागले. 'स्वनिधी'त अशा डिजिटल देवघेवीला दरमहा शंभर रुपयांपर्यंत परतावाही होता. डीफोच्या खाटकाने व्हिनेगरच्या भांड्याने जे साधले तेच या पत्रकाने साधले: नाण्याला हात न लावता पैसे घेणे. फरक एवढाच की भांडे विक्रेत्याचे होते. आणि या पत्रकाला एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे उधारी. पगारदार वसाहतींतला किराण्याचा व्यवहार परंपरेने महिन्याच्या खात्यावर चालत आला आहे. पहिल्या तारखेनंतर हिशेब, मधे कोणी आजारी पडले तर पुढच्या महिन्यावर. ऑनलाइन कंपनी माल लवकर देते, भावही कमी लावते, पण दार ठोठावून 'पुढच्या महिन्यात द्या' म्हणत नाही. भिलाईत पगार चालू असलेल्या कर्मचाऱ्याला अशा उधारीची गरज नव्हती. गरज होती ती कंत्राटी मजुराला आणि खुद्द दुकानदाराला, कारण घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्याच्या अंगावर होते. गाळ्यांचे भाडे कंपनीच्या हाती आणि वेतनही कंपनीच्या हाती, अशा वसाहतीत खरेदीचे आवाहन करणारे फलक लावण्याआधी या दोन दोऱ्यांचा विचार करणे शक्य असते. भाडे काही महिने पुढे ढकलणे किंवा कर्मचाऱ्याने महिन्याचे खाते आगाऊ भरणे हे उपाय साधे आहेत आणि कोल्हापूरच्या चहाच्याच जातीचे आहेत.

या सगळ्याची वाङ्मयीन नोंद अद्याप विरळ आहे. साथीविषयी मराठी व हिंदीत जे लिहिले गेले त्यात रुग्णालय, स्मशान, प्राणवायूची नळकांडी आणि रस्त्याने चालत गेलेले मजूर आहेत, आणि ते असायलाच हवेत. दुकानदार पुन्हा एकदा कडेला राहिला आहे. त्याची कागदपत्रे मात्र आहेत: लाल कापडी पुठ्ठ्याच्या खातेवह्या, ज्यांत एप्रिल आणि मे महिन्यांच्या पानांवर नावांपुढे रकमा आहेत आणि काही नावांपुढे रक्कम वसूल झाल्याची खूण नाही.